मुव.घर

माझ्या वडिलांनी चव्वेचाळीस वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं घातली, आणि मी पंधरा दिवस थांबले म्हणून त्यांच्या डोक्यातली सगळी नावं गेली. असं सांगितलं की लोक म्हणतात, शलाका, तू फार लावून घेतेस. घेणारच. घरातली कॉम्प्युटरवाली मी, शाळेत मुलांना तेच शिकवते, आणि घरचंच एक साधं काम मला धड जमलं नाही.

अप्पांचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात होतं. दुकान कसलं, एका मोठ्या भांड्याच्या दुकानाच्या पायरीला लागून एक फळी, एक स्टूल आणि नाव घालायचं ते इलेक्ट्रिकचं मशीन. लग्नसराईत घागरी, पिंप, पराती, तांब्यांची रांग लागायची. 'चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ आत्याकडून सप्रेम भेट' एवढं सगळं अप्पा हात न थरथरता घालायचे. आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाशी, कुणाच्या लक्षातही येणार नाही एवढं बारीक, स्वतःचं 'मुव' टाकायचे. मुरलीधर वडनेरे. चमचा आला की मात्र गिऱ्हाइकाशी वाद. "अहो, चमच्यावर एवढं मावत नाही. अक्षरं कमी करा," असं ते दिवसातून दहादा म्हणायचे.

पंचाहत्तरी झाली आणि नावं गळायला लागली. आधी गिऱ्हाइकांची, मग शेजाऱ्यांची. एकदा दुपारी जेवताना त्यांनी आईला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" आई वाढता वाढता थांबली. मग म्हणाली, "तुमच्याकडेच आलेय, जेवा." आणि आत जाऊन रडली. मी तेव्हा सात वर्षं नांदून, भांडून, माहेरी परत येऊन राहिले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

डॉक्टर सबनीस बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. अप्पांना चेहरा दिसतो, तो ओळखीचाही वाटतो, पण चेहऱ्यापासून नावापर्यंत जायची वाट मोडली आहे. ती वाट दुरुस्त करता येत नाही. बाजूने दुसरी काढता येते. मेंदूत चेहरे ओळखणारा जो भाग असतो त्यात केसाहून बारीक तार सोडायची. आई समोर आली की तिथल्या पेशी एका ठरावीक पद्धतीने चमकतात, मी आले की वेगळ्या. तार ती चमक पकडते आणि त्या चेहऱ्याचा छोटा पत्ता बाहेर पाठवते. कानामागे बटणाएवढं यंत्र बसवलेलं असतं. ते नेटवरून त्या पत्त्यावर जातं, तिथे ठेवलेला आवाज आणतं आणि कवटीच्या हाडातून ऐकवतं. तो ऐकू येतो फक्त रोग्याला. शेजारी बसलेल्यालासुद्धा काही कळत नाही.

"आणि हे फक्त आठवण करून देणं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "पुन्हा पुन्हा तोच चेहरा आणि तोच आवाज एकत्र आला की मेंदू दोघांची गाठ मारतो. सहा-आठ महिन्यांत आवाज यायच्या आतच नाव तोंडात येतं."

गोम एकच होती. तारेत जागा नव्हती. अंगाच्या उबेवर चालणारी ती तार, तिच्यात आवाज कुठून मावणार? एका चेहऱ्यामागे मावायची फक्त अकरा अक्षरं, तीही ऑपरेशनच्या वेळी एकदाच कोरायची, नंतर पुसता येत नाहीत. म्हणून पत्ता आखूड हवा. हॉस्पिटलच्या पत्त्याने आठ अक्षरं खाल्ली असती, उरलेल्या तीन अक्षरांत शेकडो रोगी बसवायचे. बाई म्हणाल्या, "जमलं तर स्वतःचं डोमेन घ्या. उद्या लिंक आखूड करणारी कंपनी बदलली तरी पत्ता तुमचाच राहील."

मी हे अप्पांना सांगितलं. त्या दिवशी ते अगदी स्वच्छ होते. हसून म्हणाले, "म्हणजे चमचा आहे म्हण की. मग 'मुव'च घाल."

म्हणून मुव.घर.

*

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. शेजारी अप्पा, मांडीवर तंबाखूची रिकामी डबी. तंबाखू सुटली होती, डबी सुटली नव्हती.

डोमेन विकत घेतलं ते दोन मिनिटांत झालं. मग लिंक आखूड करून देणाऱ्या कंपनीत खातं उघडलं. तिचं नावच 'आखूड'. आता मुख्य काम, ते डोमेन या कंपनीला जोडायचं. अप्पांना कळावं म्हणून मी मोठ्याने बोलत करत होते.

"हे बघा अप्पा. मुव.घर हे नाव आपलं, पण आवाज ठेवायची जागा आखूडकडची. म्हणून दोन टोकं बांधायची. एक आपल्या डोमेनच्या नोंदीत लिहायचं, की मुव.घर विचारत कुणी आलं तर त्याला आखूडच्या दारात पाठवा. आणि दुसरं आखूडच्या खात्यात लिहायचं, की मुव.घर विचारत जो येईल तो वडनेऱ्यांचा. दोन्ही जुळलं की हिरवी खूण येते."

ही दोन टोकं तुम्हीही लक्षात ठेवा. सगळा घोळ त्यातच आहे.

अप्पांनी डबी उघडली, बंद केली. "आणि एकीकडचं पुसलं गेलं तर?"

"कशाला पुसलं जाईल?"

"भंगारात घागर येते बघ. नाव असतं एकाचं, पाणी भरतो दुसराच."

"अप्पा, हे कॉम्प्युटरचं आहे," मी म्हटलं. केवढी शहाणी मी! तेवढ्यात हिरवी खूण आली आणि मी टाळी वाजवली.

मग आवाज गोळा केले. एकूण एक्केचाळीस माणसं. माझं सोपं होतं: "अप्पा, मी शलाका, तुमची मुलगी." दूधवाले रज्जाकभाई मोबाइलसमोर उभे राहून एवढ्या जोरात बोलले की तीनदा घ्यावं लागलं. आरशातल्या चेहऱ्यासाठी अप्पांचाच आवाज घेतला: "मी मुरलीधर. नावं घालणारा."

आईनेच जास्त वेळ लावला. "इश्श, मी काय नवऱ्याला माझं नाव सांगू?" म्हणून हसत बसली. शेवटी पदर सावरून, फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसून म्हणाली, "मी सुनंदा. तुमची बायको."

सुनंदा हे तिचं सासरचं नाव. माहेरची ती कुसुम. लग्नात ताटात तांदूळ पसरून अप्पांनी अंगठीने त्यात 'सुनंदा' लिहिलं आणि त्या दिवसापासून कुसुम संपली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याच ताटाच्या पाठीवर त्यांनी मशीनने 'सौ. सुनंदा' घातलं. वरच्या बाजूला माहेरून आलेलं 'कु. कुसुम' होतंच. ते ताट आमच्याकडे अजून आहे, आई त्यात तांदूळ निवडते. मी माझ्या लग्नात नाव बदलू दिलं नाही. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं तरी तांदळात 'शलाका'च लिहायला लावलं. आईला तेव्हा माझं फार कौतुक वाटलं होतं, वरवर रागावली तरी.

ऑपरेशन झालं आणि तार बोलायला लागली. पहिल्या महिन्यात अप्पा प्रत्येक माणसाकडे बघून क्षणभर थांबायचे, मग चेहरा उजळायचा. सहाव्या महिन्यात थांबणं गेलं. एकदा मी शाळेतून आले, चपला काढतेय तोच म्हणाले, "शलाके, आज उशीर?" शलाके! ती हाक मी दीड वर्षाने ऐकत होते. माझा जीव भांड्यात पडला. दोन वर्षं आम्ही सुखात काढली, आणि सुखात माणूस आळशी होतो.

*

भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आखूडकडून पत्र आलं. कंपनी दुसऱ्या कुणीतरी घेतली आहे, जुनी खाती बंद होत आहेत, नव्या करारावर पंधरा दिवसांत संमती द्या, म्हणजे नवीन खातं सुरू होईल. मी सहज आईला वाचून दाखवलं.

"नवीन खातं?" आई म्हणाली. "अगं, आजपासून पितृपंधरवडा. या दिवसांत नवीन काही करतात का? आणि ते अप्पांच्या डोक्याचं. घटस्थापनेला कर, चांगला दिवस आहे."

"आई, हे काय दुकानाचं उद्घाटन आहे?"

"नसू दे. पण माझ्या मनाला लागून राहील. आणि शेवटची तारीख कधी आहे?"

मी बघितलं. सर्वपित्री अमावास्या. "घटस्थापना दुसऱ्याच दिवशी," आई म्हणाली. "एका दिवसाने काय होतंय? थोडं मागेपुढे चालवून घेतातच की."

आपल्याकडे चालतं. लाइट बिलाला चालतं, शाळेच्या फीला चालतं, पत्रात शेवटची तारीख म्हणजे खरी तारीख आठ दिवसांनी, हे आपण गृहीतच धरतो. मीही धरलं. आणि खरं सांगू? मलाही जरा बरं वाटलं की अप्पांच्या बाबतीत काही अशुभ नको. मी विज्ञान शिकलेली बाई, पण बापाचं डोकं म्हटलं की कुठलं विज्ञान.

घटस्थापनेला सकाळी सातला, आई परातीत माती घालत असताना मी संमतीचं बटण दाबलं. 'धन्यवाद' आलं. वर मुव.घर टाकून बघितलं तर हिरवी खूण, 'डोमेन जोडलेले आहे'. झालं. लॅपटॉप मिटला आणि घटाला फुलं आणायला गेले.

जोडलेलं होतंच. पण कुणाला, ते मी बघितलं नाही. रात्री बाराला आमचं जुनं खातं पुसलं गेलं होतं. आमच्या डोमेनच्या नोंदीत मात्र अजूनही लिहिलेलं होतं, मुव.घर विचारत येणाऱ्याला आखूडच्या दारात पाठवा. दार उघडं आणि आत घरमालक नाही. अशी बेवारस दारं शोधत फिरणारी यंत्रं असतात. त्यातल्या एकाने बाराला चार मिनिटं असताना नाही, बारा वाजून चार मिनिटांनी, आपल्या खात्यात लिहून टाकलं, मुव.घर आमचं. आखूडने विचारलं, दोन्ही टोकं जुळतात का? जुळत होती. हिरवी खूण.

एक लिंक, फक्त एक लिंक उघडून बघितली असती तर कळलं असतं. नाही बघितली.

*

दसऱ्याला अप्पांनी आईच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, "घे, तारा."

आई म्हणाली, "कोण तारा?"

अप्पा नुसते हसले. दिवाळीपर्यंत तारा घरात मुरली. "तारा, चहा." "तारा, पंखा लाव." मलाही तारा म्हणायला लागले तेव्हा मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, आजार पुढे सरकतोय, दोन वर्षं मिळाली हेच खूप. आम्ही मान डोलावली. दुसरं काय करणार?

पण आईच्या मनात वेगळंच शिरलं होतं. एक दिवस भाजी निवडताना तिने मला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "तुझ्या अप्पांच्या बाजारात कुणी तारा होती का गं?"

"मला काय माहीत?"

"ते मशीन शिकायला मालेगावला होते. लग्नाआधी. वर्षभर." मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. "माणूस सगळं विसरला की जे तळाशी असतं ते वर येतं म्हणतात."

"आई, काहीतरीच तुझं."

"काहीतरीच कसं? एकावन्न वर्षं मी आहे आणि शेवटी वर आली ती तारा." तिचे डोळे भरले. मग एकदम चिडून म्हणाली, "मेली कोण आहे ती, तेवढं तरी कळू दे."

अप्पांच्या जुन्या सोबत्याकडे ती रिक्षा करून गेली आणि विचारून आली. त्याला काही आठवेना. आई परत आली ती दोन दिवस अप्पांशी बोलली नाही. अप्पा बिचारे तिच्या मागे मागे फिरून म्हणत होते, "तारा, राग आला का?" मला हसावं की रडावं कळेना. अजून कळत नाही.

*

दिवाळीनंतर एका सकाळी अप्पा दाढी करत होते. मी मागून टॉवेल द्यायला गेले. त्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "आज काही नको, तारा."

त्याआधी दारात रज्जाकभाईंना ते म्हणाले होते, "तारा, कोथिंबीर आण." आम्ही हसलो होतो. कुठली बाई अशी असते की जी बायकोतही दिसते, मुलीतही, दाढीवाल्या रज्जाकभाईंमध्येही आणि स्वतःच्या आरशातही?

यंत्राच्या नोंदीतून आईचा पत्ता काढला आणि माझ्या मोबाइलवर उघडला. पडद्यावर भाज्यांची टोपली आली आणि एक तरतरीत, गोड आवाज म्हणाला:

"नमस्कार! मी तारा, तुमच्या घरातलीच! आज काय आणू?"

माझा पत्ता उघडला. "नमस्कार! मी तारा." रज्जाकभाईंचा. आरशाचा. एक्केचाळीस पत्ते, एक्केचाळीस वेळा तारा. घरपोच किराणा पोचवणारी कुठलीतरी कंपनी. तिच्या यंत्राने अशी बेवारस डोमेनं घाऊक उचलली होती आणि त्यांच्यावर जो कुणी कुठल्याही पत्त्याने येईल त्याला हाच आवाज ऐकवायचा असं एकदाच लिहून ठेवलं होतं. नऊ आठवडे, उठल्यापासून झोपेपर्यंत, जो चेहरा दिसेल त्याच्या मागून अप्पांच्या डोक्यात ती बाई विचारत होती, आज काय आणू.

मी त्या कंपनीला फोन लावला.

"नमस्कार! मी तारा, तुमच्या घरातलीच!"

"मला माणसाशी बोलायचंय."

"नक्की! आज काय आणू?"

"अगं बये, माझे वडील तुला माझी आई समजतात!"

"वडिलांसाठी आपल्याकडे बिनसाखरेची बिस्किटं आहेत. आणू का?"

मी फोन गादीवर फेकला आणि कपाळाला हात लावून बसले. भांडायचं तरी कुणाशी? तिकडे कुणी नव्हतंच.

आईला सगळं सांगितलं. मग तिच्या तोंडून निघालं, "म्हणजे तारा नव्हतीच?" आणि ती चक्क हसली. खळखळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं बाई, मी किराणा दुकानाचा मत्सर केला!" मग डोळे पुसून म्हणाली, "पण घटस्थापनेला कर, असं मीच म्हटलं होतं ना?"

"मी ऐकलं ना, आई. तारीख मला माहीत होती."

त्यानंतर या विषयावर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

*

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली, आणि हेच मला अजून सहन होत नाही. डोमेन माझंच होतं. नोंद बदलली, दुसऱ्या कंपनीकडे वळवली, मोबाइलमधले जुने आवाज चढवले, हिरवी खूण आली. या वेळी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस लिंका उघडून ऐकल्या.

सकाळचे साडेदहा झाले होते. अप्पा खिडकीपाशी चहा पीत होते. मी आईला म्हटलं, जा, समोर जा. आई केस नीट करून गेली.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसले, आणि तेवढ्यात त्यांच्या डोक्यात तिचा खरा आवाज बोलला असणार. मी सुनंदा, तुमची बायको. त्यांच्या हातातून कप पडला. कानामागे हात दाबून ते भिंतीला टेकले.

"कोण आहे? कोण बोलतंय?"

"अहो, मीच. सुनंदा."

"तारा, ही कोण बाई बोलतेय? तुझ्या तोंडून कोण बोलतंय?" आई पुढे झाली तशी ओरडले, "जवळ नको येऊ! तारा कुठाय? तिला काय केलंत?"

माझा बाप माझ्या आईला घाबरून कोपऱ्यात उभा होता. मी पुढे गेले तर माझ्या चेहऱ्याचा आवाज आला असेल, कारण त्यांनी डोळेच मिटून घेतले.

डॉक्टरबाईंनी तपासलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षांत एक्केचाळीस गाठी मारल्या होत्या. थकलेल्या मेंदूला ते ओझंच असतं. त्याला सगळ्या चेहऱ्यांना एकच उत्तर मिळालं, तेही दिवसातून शेकडो वेळा. त्याने ते आनंदाने घेतलं. आता खरा आवाज त्याला खोटा वाटतो."

"पुन्हा शिकवता येईल ना?"

"सहा-आठ महिने त्यांनी रोज असं घाबरायची तयारी असेल तर. कदाचित येईल. पण त्यांच्या हृदयाकडे बघता मी तो सल्ला देणार नाही."

"तारेतले पत्ते बदलून?"

"ते पुसता येत नाहीत. तुम्हाला आधी सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मग बंद करून पाहिलं, दोन दिवस. आवाज नाही, तारा नाही, कुणीच नाही. अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून बाहेरच्या खोलीत बसून राहिले. जेवले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून एकच विचारत होते, "मला घरी सोडता का हो?" घरातच बसून. दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्या खोलीत आली, हातात तांदळाचं ताट घेऊन.

"तो तुझा माइक लाव," ती म्हणाली.

"कशाला?"

"माझा आवाज घे. नवीन."

मला कळलं आणि मी उठून उभी राहिले. "अजिबात नाही. आई, वेडी झालीस का? तू सुनंदा आहेस. त्या किराणा दुकानाच्या बाईचं नाव तू घेणार?"

"मी कुसुम होते," आई शांतपणे म्हणाली. तिने ताटातले तांदूळ माझ्या चादरीवर ओतले आणि ताट फिरवून दाखवलं, जणू मी ते कधी बघितलंच नव्हतं. "लग्न झाल्यावर सहा महिने कुणी सुनंदा म्हणून हाक मारली की मी मागे बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. सासूबाई म्हणायच्या, बहिरी आणली की काय. मग झाली सवय. आता परत होईल."

"तेव्हाही ते चूकच होतं!"

"असेल. पण तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आज मी मीच म्हणतेय." ती पलंगावर बसली. "त्या माणसाने घाबरून मरायचं का माझ्या नावापायी? तारा म्हटलं की तो हसतो, शलाका. मी बघितलंय. मला नावाशी काय करायचंय, मला तो हसलेला पाहिजे."

मी खूप भांडले. रडले. नाही करणार म्हणाले. ती नुसती बसून राहिली, एकेक तांदूळ वेचून परत ताटात टाकत. शेवटी मी हात टेकले आणि माइक लावला. दुसरं काय होतं माझ्या हातात? सांगा ना.

आई ताठ बसली. पदर सावरला. घसा साफ केला.

"मी तारा," ती म्हणाली. "तुमच्या घरातलीच."

"ते आज काय आणू..."

"ते नको. ते तिचं."

बाकीच्या लिंका रिकाम्या ठेवल्या. माझीसुद्धा. खरा आवाज दिला की ते भेदरतात आणि दुसरी तारा व्हायची माझी हिंमत नव्हती. आईची एकच लिंक चढवली, दोन्ही टोकं जुळवली, हिरवी खूण आली.

यंत्र चालू केलं. आई ताट तसंच हातात धरून बाहेर गेली. अप्पांनी मान वर केली, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथे थांबवेना. "आलीस?" ते म्हणाले. "किती वेळ लावलास, तारा."

"भाजी घ्यायला गेले होते," आई म्हणाली.

चार दिवसांनी त्यांनी स्वतःहून मशीन मागितलं. माळ्यावरून काढून दिलं. त्यांनी आईच्या हातातलं ताट घेतलं, उलटं केलं, 'सौ. सुनंदा'वरून अंगठा फिरवला, पण वाचलं नाही. त्याच्याखाली, हात न थरथरता, त्यांनी 'सौ. तारा' घातलं. आणि कडेला, सवयीने, बारीक 'मुव'.

आता महिना झाला. माझी लिंक रिकामीच आहे, मी समोर गेले की त्यांच्या कानात काहीच वाजत नाही. मला वाटलं होतं, निदान मला ते कुणीतरी परकी समजतील, आणि मी ते सोसेन. पण आईच्या तोंडी तारा परत आली तशी जुनी गाठही परत आली, मलाही ते ताराच म्हणतात. काल दुपारी मी बाहेरच्या खोलीत शाळेच्या वह्या तपासत होते, आई स्वयंपाकघरात होती. अप्पा झोपेतून उठले आणि त्यांनी हाक मारली.

"तारा!"

आईने आतून "ओ" दिली. आणि मीही दिली. एकाच वेळी.

आई दारात येऊन उभी राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनीही नजर वळवली. अप्पा मात्र खूश होऊन कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते.

"कोथिंबीर आण," ते म्हणाले.

मी वह्या बाजूला ठेवल्या आणि पिशवी घेऊन निघाले.